अष्टमीचं पान

बेबाबाईच्या खानावळीच्या बोळात शिरताना गिलक्याच्या भज्यांचा वास आला तेव्हा तोतारामला आधी बरंच वाटलं. त्या साली, म्हणजे बहात्तर साली, पावसानं तोंड फिरवलं होतं. रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी ताटात पडली की विटेचा तुकडा वाढल्यागत दिसायची, आणि वरणात डाळ आहे हे श्रद्धेनं मानावं लागायचं. दिवसभर उत्तमचंद शेठच्या डाळ मिलमध्ये तुरीची पोती तोलणाऱ्या माणसानं दुपारी वरणात डाळ शोधत बसावं, यातली गंमत त्याला कळत होती. पण हसायला पोट भरलेलं लागतं. अशा दिवसांत तेल उकळतंय, वर उडदाच्या वड्यांचा खमंग वास, आणि त्या सगळ्याच्या मागे पेटत्या गोवरीचा पांढरा धूर. म्हणजे कुणाचं तरी पित्तर आहे. भादव्याचा काळा पंधरवडा चालू होता, घरोघर मेलेली माणसं जेवून जात होती. ज्याचं कुणाचं असेल त्याचं भलं होवो, आपल्याही ताटात चार भजी पडतील, असा त्यानं सरळ हिशोब केला. काट्यावर बसून बसून त्याला हीच सवय लागली होती. कोणतीही गोष्ट आधी तोलायची, मग पाहायची. बुटक्या दाराशी तो वाकला, पायातल्या चपला काढायला लागला, आणि खाली मांडलेल्या चपलांमध्ये त्याला त्या वहाणा दिसल्या. टायरच्या. टाच एका बाजूनं झिजलेली. डाव्या वहाणेचा पट्टा तुटलेला होता आणि तांब्याच्या तारेनं बांधलेला होता, आणि ती तार पोत्याचं तोंड शिवल्यासारखी आडवी पिळून आत दडवलेली होती. असा पीळ जळगावात आणखी कुणी घालत असेल तर तोतारामला माहीत नव्हतं. ती तार त्यानंच बांधली होती, आईच्या तेराव्याला, गावी असोद्याला घराच्या ओट्यावर बसून.

"आले का?" आतून बेबाबाईचा आवाज आला. "कव्हाची वाट पाहतेय. हातपाय धुवा पटकन. तुमच्या बापाचं पान मांडेल शे."

बेबाबाई मूळची शिंदखेड्याकडची. लग्न होऊन जळगावात आली, नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत पाट मांडून खानावळ चालवू लागली, आणि इतकी वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातलं 'शे' काही गेलं नाही. तिला सगळे अक्का म्हणायचे. बाकी जगाचं तिला फारसं घेणंदेणं नव्हतं, पण कोण काय खातो आणि काय टाकतो हे ती कधी विसरत नसे. कोण पहिल्या घासाला ठसकतो, कुणाला कांदा चालत नाही, कुणी मागताना लाजतो. माणूस तिच्या लेखी पोट आणि जीभ एवढाच होता, पण तेवढा पुरता होता. मागच्या भादव्यात तिनं सहज विचारलं होतं, "तोतारामभाऊ, तुमच्या वडलांची तीथ कोणती?" तो तेव्हा भात कालवत होता. बाहेर कुणीतरी अष्टमी-अष्टमी करत होतं, ते कानात होतं, म्हणून तोंडातून "अष्टमी" गेलं. भात गिळला आणि विसरून गेला. बेबाबाई विसरली नव्हती.

तो तसाच दारात, एक चप्पल पायात आणि एक हातात, वाकून उभा राहिला. सरळ व्हावं तर कपाळ चौकटीला लागणार, आत जावं तर आत जावं लागणार. दाराकडे पाठ करून, भिंतीकडच्या त्याच्या नेहमीच्या पाटावर, लक्ष्मीच्या कॅलेंडरखाली एक म्हातारा बसला होता. पाठीला पोक. मानेवर उन्हानं भाजून पडलेल्या आडव्या रेघा, जमिनीला पडतात तशा. अंगात धुतलेला पण पिवळट सदरा. पुढ्यात केळीचं आख्खं पान. कानामागं पाण्याचा एक थेंब अडकला होता. म्हणजे आत्ताच हातपाय धुऊन बसला होता.

"अरे ये ना लेका!" छगन बाजूच्या पाटावरून ओरडला. छगन एसटीत कंडक्टर. गाडी चालू असो की नसो, त्याचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचाच. "तुझा बाप कधीचा खोळंबलाय. लवकर वाढा म्हणतोय."

"पित्तराला हसू नये," बेबाबाई म्हणाली, पण ती खुशीत होती. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि तोतारामला सगळं सांगून टाकलं, कारण चांगलं काम केलेल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवा तिच्या सपनात एक म्हातारा आला होता. खानावळीच्या पायरीवर बसला होता, आत ये म्हटलं तर येईना, जेव म्हटलं तर पोटावरून हात फिरवून दाखवी. सकाळी तिला उमगलं. तोतारामभाऊ इतकी वर्षं आपल्या मालकाचं, गेलेल्या नवऱ्याचं, पित्तर म्हणून पाटावर बसतो, आपल्या मालकाला पोटभर जेवू घालतो, आणि त्याचा स्वतःचा बाप मात्र दारोदार उपाशी. खोलीवर राहणारा एकटा माणूस कुठं मांडणार पान? म्हणून तिनं सामान आणलं. गिलकी आणली, उडीद आणले, जादा दूध सांगून ठेवलं. फक्त बसवायला म्हातारा माणूस मिळेना. दुष्काळाचं साल, पण पंधरवड्यात म्हाताऱ्यांना भाव आलेला. एकेकजण दोन-दोन घरं घेऊन बसलेला. "आणि देव कसा असतो पाहा," ती म्हणाली. "अकराच्या सुमाराला हा बाबा स्वतःच पायरीवर आला. मला विचारतो, तोताराम इथीच जेवाले येतो का. म्हटलं, तुम्ही कुठले? म्हणे असोद्याचा. म्हटलं, गावचे का त्यांच्या? म्हणे, हो बाई, गावचाच. मी म्हटलं, मग तर बसाच बाबा, आज त्यांच्या बापाचं पित्तर शे."

"मग?" तोताराम म्हणाला. हा शब्द कुणी उच्चारला ते त्याला कळलं नाही.

"मग काय? जरा उभा राहिला. म्हणे, कोनाच्या बापाचं? म्हटलं, तोतारामच्या. मग म्हणे, पानी द्या मले पायावर."

गावचाच. तोताराम दाराच्या आत आला. हा शब्द त्यानं बापाला दिला होता, उसना नव्हे, कायमचा. मिलमध्ये लागून थोडे महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, काट्यापाशी शेठ उभे, त्यांच्यासोबत धुळ्याचे दोन व्यापारी, पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, आणि गेटातून एकदम हाक आली, "ए तोत्या! तुह्या मायनं कळन्याची भाकर धाडली रे!" केळीची गाडी बाजारात उतरवून बाप तसाच आला होता. अंगावर केळीच्या डिंकाचे काळे डाग, डोक्याला फडकं, हातात भाकरीचं गाठोडं झेंड्यासारखं वर धरलेलं. व्यापारी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त काट्यावरून नजर उचलून तोतारामकडे पाहिलं, आणि त्याचं वजन झालं. शेठनी विचारलं, "कोण आहे रे?" आणि तोताराम म्हणाला, "गावचा माणूस आहे." बाप तोवर जवळ आला होता. त्यानं ऐकलं. एक क्षण त्याचा वर धरलेला हात तसाच राहिला, मग त्यानं गाठोडं तुरीच्या पोत्यावर ठेवलं, फडकं सोडून तोंड पुसलं आणि शेठला म्हणाला, "हो शेठ, गावचाच हाये. इकडं आलतो, तं म्हटलं देऊन जावा." आणि जाताना, गेटापाशी वळून, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "येतो मंग."

त्यानंतर काही दिवसांनी तोताराम या खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसला. बेबाबाईनं वाढता वाढता विचारलं, घरी कोण कोण? आई आहे, तो म्हणाला. वडील? त्या क्षणी त्याच्या मनात बापाविषयी राग नव्हता, वाईट काही नव्हतं. फक्त 'आहेत' म्हटलं की पुढं प्रश्न येतात, काय करतात, किती जमीन, इकडे का येत नाहीत. 'नाहीत' म्हटलं की विषय मिटतो. दोन शब्दांतला जो हलका होता तो त्यानं उचलला. "नाहीत." बेबाबाई "अरे देवा" म्हणाली आणि तिनं त्याच्या भाकरीवर न मागता तुपाची धार धरली. ते तूप त्यानं खाल्लं. चव चांगली होती. बाप नसलेल्या माणसाला जगात थोडं जास्त मिळतं हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्या थोड्या जास्तीची सवय व्हायला काही वेळ लागत नाही.

त्याच्या बापाचं नाव उखर्डू. त्याच्या आधीची भावंडं जन्मली तशी गेली, म्हणून हा झाल्याबरोबर आजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला. मरण आलंच तर त्याला वाटावं, हा टाकलेला माल आहे, यात काही राम नाही. मग शेजारणीनं उचलून आणून विकत दिल्यासारखा परत दिला. मरणाला असं फसवून ठेवलेला माणूस. तो खरंच टिकला. पटकीच्या साथीत टिकला, विहिरीत पडून टिकला. आजीला काय माहीत की उकिरड्यावर टाकून जो वाचवला त्याला पुढं त्याचाच पोरगा भाकरीच्या घासासोबत मारून टाकेल, तेही तुपाच्या एका धारेसाठी. हे असं वाक्य मनात आलं की तोताराम लगेच दुसरीकडे पाही. वाक्यं जड असतात, आणि जड काय असतं हे त्याला चांगलं कळे.

पण बेबाबाईच्या मालकाचं पित्तर बसायची वेळ आली तेव्हा तो नाही म्हणू शकला असता. बेबाबाईचा मालक जेवता जेवताच गेला होता, अर्धी भाकरी हातात धरून, म्हणून त्याच्या भुकेविषयी ती फार हळवी होती. पित्तर म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पाटावर बसवून, मेलेला माणूसच आला असं मानून जेवू घालायचं, ही इकडची रीत. पण तिच्या माहेरचा दंडक असा की ज्याचा बाप गेला आहे असाच माणूस बसवायचा. "माझा बाप बेणं अजून जात्यासारखा आहे," छगन तेव्हा म्हणाला होता, "नाहीतर आजचे वडे मीच हाणले असते. तोत्या, नशीब काढलंस लेका!" तोताराम बसला. पाय धुऊन घेतले, कपाळाला गंध लावून घेतलं, बेबाबाईनं हात जोडले तेव्हा ते जोडलेले हात आपल्याला नाहीत हे मनाला बजावून घेतलं, आणि जेवला. पोटभर. नंतर हात धुऊन, सवयीनं, दाराशी वळून म्हणाला, "येतो अक्का." बेबाबाईचा हात तोंडावर गेला. तिचा चेहरा त्याला आजही आठवतो. "पित्तर येतो म्हणत नाही भाऊ," ती म्हणाली, हळू, रागानं नव्हे. "जातानी काहीच म्हणत नाही. येतो म्हटलं की मग तो येतो, आणि रिकाम्या हातानं जात नाही." छगन हसला, तोही हसला. त्या थंडीत असोद्याला आई गेली. दोन दिवस ताप, बस्स. पुष्कळ दिवसांनी त्यानं बेबाबाईला, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं विचारलं होतं, की अक्का, बाप जिता असून कुणी पित्तर बसला तर काय होतं? तिनं चुलीत फुंकर मारली आणि म्हणाली, "व्हयी काय? पित्तर घर चुकतं." तरीही पुढच्या वर्षी तो बसला. आणि त्याच्या पुढच्या. कारण एकदा न बसणं म्हणजे का नाही ते सांगणं. आणि मनातल्या मनात त्यानं असंही मानलं होतं की आई गेली तेव्हा ते काय असेल ते फिटलं. असोद्याला जाणं मात्र त्यानं सोडलं. मोटारीनं अर्ध्या तासाची वाट; पण बापाकडे पाहिलं की तो किती उरला आहे हे डोळे आपोआप तोलू लागत, आणि प्रत्येक वेळी काटा थोडा वर गेलेला असे.

"नुसते उभे काय? या समोर," बेबाबाई म्हणाली.

त्याला समोर जावं लागलं. भिंत आणि पान यांच्यामधल्या जागेत तो उकिडवा बसला, आणि त्यानं बापाकडे पाहिलं. बापानंही पाहिलं. लग्नात अनोळखी यजमानाकडे पाहुणा पाहतो तसं, ओळख नाही पण मान आहे असं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, तो डोळा ताकासारखा पांढुरका. दुसरा स्वच्छ होता. गालाची हाडं वर आली होती. दाढी ताजी होती, म्हणजे जळगावला यायचं म्हणून न्हाव्याकडे गेला होता. कशाला आला होता? इतक्या दिवसांनी, मोटारीचं तिकीट काढून, दाढी करून? तोतारामच्या घशात शब्द होता. छोटा होता. 'बा'. तो उच्चारला की सगळं संपणार होतं, किंवा सुरू होणार होतं. छगनचं तोंड उघडं पडेल. मग उद्या स्टँडवर, परवा शिरसोली, म्हसावद, प्रत्येक स्टॉपवर तिकिटासोबत ती गोष्ट फाडून दिली जाईल. मिलमध्ये पोतंवाले हसतील. हे सगळं सोसता आलं असतं. पण बेबाबाई? आपल्या मालकाच्या पाटावर इतकी वर्षं खोटा माणूस बसला, आपला माणूस इतकी वर्षं उपाशीच गेला, हे तिला कळल्यावर ती या चुलीपुढं कशी बसेल? त्यानं आपली लाज बेबाबाईच्या दुःखाच्या पारड्यात टाकली आणि पारडं जड आहे असं स्वतःला दाखवलं. ही चोरी त्याला जमत होती. काट्यावरचा माणूस बोटानं दांडी दाबतो तेव्हा ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, स्वतःला दिसतं.

"अक्का," तो म्हणाला. "हे जरा..."

"बोलू नका. निखारा विझायला लागला." तिनं खापरात लाल गोवऱ्या आणून पानाशेजारी ठेवल्या. आगारी. पहिला घास विस्तवाला, म्हणजे पित्तराला पोचतो. तिनं त्याच्या तळहातावर खीर, वडा, भाताचं शीत असा कालवलेला घास ठेवला, वर तूप. "बापाचं नाव घ्या आणि टाका."

तूप बोटांवरून मनगटाकडे ओघळू लागलं. खापरातल्या विस्तवाची धग तोंडावर येत होती. त्यानं ओठ उघडले. आतून काही आलं नाही. बापाची आठवण येऊन माणसाचा गळा दाटला आहे, असंच सगळ्यांना वाटलं असणार, आणि ते खोटं नव्हतं.

"घ्या ना भाऊ नाव," बेबाबाई मऊपणानं म्हणाली.

"उखर्डू म्हन," म्हातारा म्हणाला.

पित्तर जेवताना बोलत नाही. बेबाबाई दचकली. मग तिनंच समजूत घालून घेतली, "गावचंच माणूस, त्याले नाव माहीत ऱ्हाणारच." बाप तोतारामकडे पाहत होता, चांगल्या डोळ्यानं. लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं तेव्हा तोताराम असाच अडला होता, आणि बाप बाहेरून, खिडकीच्या गजांतून, अगदी याच आवाजात म्हणाला होता, उखर्डू म्हन. घाबरू नको, सांग.

"उखर्डू," तोताराम म्हणाला, आणि घास टाकला.

तुपानं पेट घेतला. ज्योत हातभर वर आली, बापाच्या तोंडाच्या आणि त्याच्या तोंडाच्या मधे, आणि पलीकडचा चेहरा धगीत हलला, पाण्यात दिसावा तसा. मग ज्योत बसली. धूर सरळ वर न जाता म्हाताऱ्याच्या अंगावर गेला, आणि बेबाबाई समाधानानं म्हणाली, "लागलं. त्याले लागलं." तिनं एका पानावर नैवेद्य काढला आणि मागच्या पत्र्यावर ठेवायला हात वर केला, तो हात मागे घेण्याच्या आतच कावळा उतरला. एरवी बायका-माणसं काव काव करून घसा बसवतात तेव्हा कुठं एखादा येतो. "अरे, कसलीच इच्छा उरली नव्हती म्हणायची!" छगन म्हणाला. दुष्काळात कावळ्यांनाही भूक असते, तोतारामनं स्वतःला सांगितलं. कावळ्याला काय कळतं? पत्र्यावर नखं करकरत होती. त्याला वाटलं, कावळ्याची चूक झाली नसेल तर?

म्हातारा जेवू लागला. तीच पद्धत. भाकरी डाव्या हाताच्या तळव्यावर ठेवून अंगठ्यानं मधोमध मोडायची, आधी कोर खायची, मग मऊ भाग. घास चावताना जबड्याचा कट् असा आवाज. आणि मागोमाग तोच मचमच आवाज, ज्याची कधीकाळी तोतारामला लाज वाटली होती. तो जेवत होता आणि तोताराम वाढत होता. वडे. भजी. कढी. बेबाबाई मागून म्हणायची, "वाढा, वाढा, हात आखडू नका, बापाला वाढताय," आणि छगन म्हणायचा, "बाबा, सावकाश, पुढच्या वर्षीपर्यंत पुरवायचंय!" म्हातारा कुणाकडे पाहत नव्हता. खीर त्यानं दोनदा घेतली. पान रिकामं होत आलं तेव्हा त्यानं एक गिलक्याचं भजं उचललं, गोल, कुरकुरीत, आणि ते पानाच्या काठावर, आपल्या डाव्या बाजूला, वेगळं काढून ठेवलं.

तोतारामच्या हातातला कढीचा पळा थांबला. घरी जेवताना बापाच्या डावीकडे तो बसत असे. सणावारी भजी झाली की शेवटचं भजं बाप असं काठावर सरकवायचा, तोंडानं काही न बोलता, आणि तोतारामनं ते आईच्या नकळत उचलायचं. आई पाहायची, आणि पाहिलं नाही असं दाखवायची. ते भजं आता पानाच्या काठावर होतं, त्याच्या हातापासून वीतभर. बापाचा हात मांडीवर थांबला होता. तो वाट पाहत होता. एवढंच करायचं होतं. बोलायचंसुद्धा नव्हतं. हात पुढे करून ते भजं उचलायचं आणि तोंडात घालायचं, मग जे व्हायचं ते होवो. पित्तराच्या पानावरचं उचलून खाणारा पोरगा पाहून बेबाबाई किंचाळली असती, आणि मग जे सांगावं लागलं असतं ते आपोआप सांगितलं गेलं असतं. तोतारामची बोटं हलली. खरंच हलली.

"पित्तरानं पानात टाकू नाही बाबा," बेबाबाई म्हणाली. "मागं राहिलं तर मागं ओढ लागते."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ भज्याकडे पाहिलं. मग ते उचललं, तोंडात घातलं आणि चावू लागला. कट्, कट्. गिळलं. पाण्याचा घोट घेतला. पानाचा काठ बोटानं पुसला.

"तृप्त झाला का?" बेबाबाईनं हात जोडून विचारलं. हे विचारायचं असतं.

"झालो," तो म्हणाला. आणि पहिल्यांदा थोडा हसला, बेबाबाईकडे पाहून. "लय दिसांनी कोनी इतकं वाढलं, बाई."

तो गुडघ्यावर हात देऊन उठला. तोतारामनं त्याच्या हातावर पाणी घातलं. हात पुढं आला तेव्हा त्याला मनगटाचं हाड दिसलं, नखांतली न निघणारी केळीची काळी रेघ दिसली. पाणी बोटांमधून गळत राहिलं, तांब्या रिकामा झाला तरी तो तसाच तिरपा धरून उभा होता. म्हाताऱ्यानं सदऱ्याला हात पुसले आणि त्याला वळसा घालून दाराकडे गेला. वाकला. वहाणांत पाय घातले. डाव्या पायाचा अंगठा तारेखाली नीट सरकवायला त्याला वेळ लागला. सगळे पाहत होते. बेबाबाईचे हात जोडलेलेच होते. तोताराम तांब्या धरून ऐकत होता. सारं अंग कान झालं होतं. आता तो म्हणेल, येतो. आयुष्यभराची सवय आहे. शेतात जाताना, बाजाराला जाताना, नुसतं पाण्याला जाताना, आईच्या तिरडीला खांदा देऊन निघतानासुद्धा रिकाम्या घराकडे पाहून जो माणूस म्हणाला होता, मिलच्या गेटापाशी 'गावचा माणूस' ऐकल्यावरही म्हणाला होता, तो आत्ता विसरून, चुकून म्हणेल. एकदा म्हणू दे. बेबाबाईच्या रीतीला काय व्हायचं ते होवो, घर चुको, काहीही होवो, पण त्यानं म्हणावं. म्हातारा चौकटीला हात लावून थांबला. उन्हाची पट्टी त्याच्या पाठीवर पडली होती. आत वळून त्यानं पाहिलं नाही. वाकून तो बाहेर पडला, आणि टायरच्या वहाणांचा आवाज बोळात लांब लांब गेला, डावा पाय किंचित घासत.

काही म्हणाला नाही.

"पाहिलं?" बेबाबाई भारावून म्हणाली. "याला म्हणतात जाणकार माणूस. आमच्या इकडची रीत सांगावी लागली नाही. गेला तसा गेला." तिनं उष्टं पान गुंडाळलं, पाटाखालची जागा पुसली, आणि नवं पान मांडलं. "बसा आता तुम्ही. बठ्ठं गार होतंय. तोंड पाहा कसं झालंय. होतं असं पहिल्या वर्षी." मग काहीतरी आठवून ती थांबली. "अरे हो, सांगायचंच राहिलं. बसायच्या आधी म्हणत होता, तोतारामले सांगाले आलो, उद्या नवमी हाये. येतो का म्हनून विचारतो. कुणाची नवमी हो?"

नवरा मागे ठेवून जी बाई जाते तिचं पान नवमीला असतं. नवरा आहे तोवरच ते मांडतात. तो गेला की नवमी बंद होते. हे बेबाबाईला सांगायची गरज नव्हती.

"त्याच्या बायकोची," तोताराम म्हणाला.

"मग जाऊन या बिचाऱ्याकडे. पुढच्या वर्षी राहते न राहते."

तो बसला. छगन ताटाला हात लावून हळू आवाजात, छगनच्या मानानं हळू, म्हणाला, "बाप गेला की असंच वाटतं रे." बेबाबाईनं भजी वाढली. तोतारामनं बाप बसला होता तोच पाट जरा पुढे ओढून घेतला आणि मांडी नीट घातली. पाट अजून गरम होता.